पापड लाटताना वाचलेली कादंबरी

“घ्या... पण शेवटाला रुमाल जवळ ठेवा.”

वाचनालयाच्या दारात एका अनोळखी माणसानं मला असं सांगितलं, तेव्हा माझं सगळं लक्ष त्याच्या हातातल्या कादंबरीकडे होतं. कधीची मी तिची वाट पाहत होते. तो ती परत करायला आला होता, मी न्यायला आले होते, आणि ग्रंथपाल आपला चष्मा शोधत होते.

“शेवट सांगू नका हं!” मी म्हटलं.

“कुठं सांगितला?”

“रुमाल म्हटलंत की सांगितल्यासारखंच झालं. कोण मरतं? ती का तो?”

“आता तुम्हीच विचारताय—” तो हसला. हसता हसता त्याची नजर माझ्या फुग्याच्या बाह्यांच्या नव्या पोलक्यावर आली आणि बावरून पुन्हा कादंबरीवर गेली. मला बरं वाटलं. त्या बाह्यांसाठी मी आईशी केवढी भांडले होते.

सन पंचेचाळीसचा उन्हाळा होता तो. मी मॅट्रिक होऊन सांगलीला घरी बसले होते, म्हणजे ‘स्थळं बघणं चालू आहे’ या अवस्थेत. माझं वाचन म्हणजे आईच्या मते उनाडकी. पण मला त्यात फार शिस्त होती. शेंगा फोडताना प्रवासवर्णन. हात चालू राहतात आणि आपण हिमालयात. न्हाऊन केस वाळवताना कविता. रहस्यकथा दूध तापत ठेवून कधी वाचू नये, हे मी दूध घालवून शिकले होते. आणि कादंबरी... कादंबरीला दुपार हवी, वाटीभर भडंग हवं आणि कुणी हाक मारणार नाही असा कोपरा हवा. हळदीच्या पेठेचं गाव आमचं, त्यामुळे वाचनालयाच्या पुस्तकांवर जागोजाग पिवळे अंगठे उमटलेले असत. तो अंगठा दिसला की वाटायचं, माझ्याआधी इथं कुणीतरी रेंगाळलंय, कुणाची तरी आमटी करपलीय.

त्या वर्षी मात्र मोकळी दुपार मिळेना. पापडांचे दिवस होते. शेजारच्या गोदावरीकाकूंच्या मागच्या सोप्यात गल्लीतल्या बायका लाटायला जमायच्या. माझा पापड कडेला फाटतो हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं, म्हणून माझ्याकडे एकच काम आलं: सगळ्यांना वाचून दाखवायचं. पहिल्याच दुपारी मी कादंबरी उघडली, तर काकू लाट्या कापता कापता म्हणाल्या, “चारू, जरा हळू वाच गं. आत आमचा शरच्चंद्र आहे, ताईचा मुलगा. साताऱ्याला मास्तर आहे. परीक्षेचे पेपर तपासत बसलाय.”

दार अर्धं उघडं होतं. आत रुमालवाला बसला होता.

मी हळू वाचलं नाही. उलट जरा जास्तच ठसक्यात वाचलं. आतून पेपर उलटल्याची सळसळ यायची, आणि गोष्ट रंगात आली की ती थांबायची. एकदा तर बराच वेळ थांबली. मी सहज मान वर केली, तर तो हनुवटीवर हात ठेवून सरळ माझ्याकडेच बघत होता... दोघांनीही घाईघाईनं माना खाली घातल्या. मी एक ओळ दोनदा वाचली. कुणाच्या लक्षात आलं नाही, त्याच्या आलं.

काकूंकडे उडीद कुटायला कुंडलची बनुबाई येत असे. तिचा नवरा पलटणीत, ब्रह्मदेशाकडे कुठेतरी होता, आणि दिवाळीपासून त्याची काही खबर नव्हती. कादंबरीतल्या नायिकेला ती ‘आपली पोर’ म्हणायची. “आवं ताई, आपल्या पोरीला त्यो कवा भेटायचा?” असं विचारून मला पुढे ढकलायची.

शेवटचं प्रकरण मी सकाळीच घरी वाचून घेतलं होतं. रुमाल लागला. कादंबरीतला तो एक अक्षर न बोलता आगगाडीत बसून निघून जातो आणि ती नदीकडे चालू लागते. आहे तसंच वाचायचं, असं मी ठरवून गेले होते. पण दुपारी ती ओळ जवळ आली आणि बनुबाईचं मुसळ हवेतच थांबलं.

“ताई, मरत न्हाई न्हवं ती? खरं सांगा.”

मी पुस्तकात बघत पुस्तकात नसलेलं वाचू लागले. तो पुढच्याच स्टेशनावर उतरला. उन्हातून चालत परत आला. थेट तिच्या वडिलांपुढे उभा राहिला आणि मनातलं सगळं बोलून मोकळा झाला. मला इतका चेव आला की मी त्यांचं लग्नच लावून दिलं.

“लय ब्येस झालं बगा!” बनुबाईनं पदरानं डोळे पुसले आणि मुसळ असं काही हाणलं की उखळ हललं. बायका खूश झाल्या. आतून मात्र सळसळ नाही की काही नाही.

निघताना मी मागच्या दारानं गेले. तिथून माझं घर काही जवळ पडत नव्हतं. तो तांब्यानं मोगऱ्याला पाणी घालत होता.

“माझ्या प्रतीत ती मरते,” तो हलकेच म्हणाला.

“माझ्या प्रतीत नाही.”

“वाचनालयात प्रत एकच आहे.”

“मग काय, बनुबाईसमोर मरू देऊ तिला? शिवाय पापडात मीठ बेतानं घातलंय. वर आसवं कशाला?”

तो खळखळून हसला. मग हसू ओसरलं. “आणि तो? पुस्तकातला तर बोलतच नाही. तुमचा धडाधडा बोलतो.”

“पुस्तकातला भित्रा आहे.”

तांब्यातली धार क्षणभर थांबली. “उद्या मी साताऱ्याला जातोय,” तो म्हणाला.

“पेपर संपले?”

“हं... संपले.”

मी थोडी थांबले. मग मीच म्हटलं, “गुरुवारी वाईहून मला बघायला येणार आहेत. मोठं घर आहे. पण सुनेनं कादंबऱ्या वाचलेल्या चालत नाहीत त्यांना. होकार आला की माझं वाचनालय बंद.”

“तुमच्या मनात काय आहे?”

“मला कोण विचारतंय?”

त्यानं तोंड उघडलं... मोगऱ्याचं आळं भरून पाणी वाहू लागलं, तरी त्याला भान नव्हतं. आणि शेवटी तो काय म्हणाला, तर— “मुलगा चांगला असेल.”

मला असा संताप आला! तो आवडला होता मला. पुस्तकातल्या कुणावर जीव जडतो तेव्हा पुस्तक मिटता तरी येतं. याचं काय करायचं ते कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या दारातून टांगा निघाला, आणि मी मुद्दाम खिडकीशी गेले नाही. चाकांचा आवाज मात्र कोपऱ्यापर्यंत ऐकला.

गुरुवारी वाईची मंडळी आली. मुलाचे वडील विष्णुपंत तक्क्याला टेकले, मुलगा सतरंजीवरचे धागे ओढत बसला. ‘पोथी वाचते असं सांग,’ असं आईनं मला दहादा बजावलं होतं.

“वाचनाची आवड आहे म्हणे?” विष्णुपंतांनी विचारलं.

“हो. कादंबऱ्यांची,” मी म्हटलं. आईच्या बांगड्या वाजल्या.

“हा नाद आमच्याकडे चालत नाही.”

“सोडेल हो,” माझे वडील, नाना, घाईनं म्हणाले. “संसारात पडल्यावर वेळ कुठं मिळतोय!”

“नाही सोडणार,” कुणीतरी म्हणालं. ती मीच होते.

मंडळी पोहे अर्धे टाकून उठली. आई म्हणाली, “बस आता पुस्तकं कवटाळून!” आणि डोळे पुसत आत गेली. नाना माझ्याकडे बघेनात. मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, त्याहून जास्त हलकं वाटलं. किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला, आणि राहिलेले पोहे मीच संपवले.

उन्हं कलल्यावर दारात कुणीतरी खाकरलं. शरच्चंद्र! टोपी धुळीनं माखलेली, चेहरा तांबडालाल. मी झटकन स्वयंपाकघराच्या दाराआड गेले.

“या. काकूंनी पाठवलं का?” नानांनी विचारलं.

“नाही. मी... मीच आलो. साताऱ्याहून सरळ इथंच. आईला विचारायला गेलो होतो.” त्यानं टोपीवरची धूळ झटकली. “तुमच्या चारुशीलेला मागणी घालायला आलोय. जायच्या आधीच बोलायला हवं होतं. धीर झाला नाही.”

माझं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. दाराची कडी मी घट्ट धरून ठेवली.

नानांनी त्याला सतरंजीवर बसवलं. मग म्हणाले, “दुपारीच वाईची मंडळी उठून गेली. का, ते ऐका आधी. पोरगी कादंबऱ्या सोडायला तयार नाही.”

“सोडायच्या कशाला?” तो एकदम सुटल्यासारखा हसला. “माझ्या आईला मोतीबिंदू झालाय. मी वाचून दाखवतो, तर म्हणते, तू हजेरी घेतल्यासारखा वाचतोस. यांचं सांगितल्यावर तिनं एवढंच विचारून यायला सांगितलं... दुपारी ऐकता ऐकता तिचा डोळा लागतो. तेवढा वेळ पुढे वाचू नये, तिथंच थांबावं. हे जमेल का, असं—”

“जमेल!” मी दाराआडून ओरडले. “कितीही झोपू देत. मी थांबेन!”

आईनं कपाळावर हात मारला. मी तोंडावर पदर घेतला, पण शब्द तर बाहेर पडून गेला होता. आणि मग बाहेरून नानांचं हसू ऐकू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

“आम्हाला विचारायचं काही कारणच उरलं नाही म्हणा ना!”

“निदान चहा तरी नेऊन दे त्यांना,” आई म्हणाली. तिचाही आवाज निवळला होता.

मी चहा घेऊन बाहेर गेले. कप घेताना त्याचं कपाकडे लक्षच नव्हतं; अर्धा चहा बशीत सांडला, आणि तो त्यानं बशीतूनच, माझ्याकडे बघत बघत, सगळा पिऊन टाकला.