दोन वाट्या सूप

ग्रेटा हेस्लपच्या धाकट्या बहिणीला जुळं झालं, ते साल एकोणीसशे एकाहत्तर. डरहमकडच्या त्या खाणगावात घरं तशीही आगपेटीएवढी. त्यात आता चुलीसमोर, जिन्यावर, ग्रेटाच्या खाटेवरसुद्धा लंगोट वाळत पडलेले. टपाल कचेरीतल्या नोकरीवरून थकून आलेल्या ग्रेटाला टेकायला कोपरा उरला नाही. म्हणून तिने गावाच्या भाड्याच्या मळ्यातला, भाजी लावायचा एक तुकडा मागितला.

मळेकरी मंडळाचे अध्यक्ष हिंडमार्श. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आजवर इथे बाईला जागा दिलेली नाही. सप्टेंबरच्या भाज्यांच्या प्रदर्शनात लीकची जोडी टेबलावर मांडून दाखवा. मांडलीत, तर तुकडा तुमचा. नाहीतर परत."

लीक म्हणजे कांद्याच्या पातीची थोरली बहीण. पण त्या गावात ती नुसती भाजी नव्हती, पुरुषांची इभ्रत होती.

मार्चातल्या एका भुरभुर पावसाच्या दुपारी ग्रेटा एका काटेरी झुडपाशी झोंबत होती. मूळ एकदम सुटलं, आणि ती मागच्या मागे... चिखलात नाही, कुणाच्या तरी छातीवर आदळली.

"हळू, बाई! माझ्या चहाचा बळी गेला."

शेजारच्या तुकड्यावरचा राल्फ प्राउडलॉक. खाणीतला कामगार, पापण्यांच्या कडांना कोळसा, जणू काजळ घातलंय. हातात रिकामा कप, शर्टावर चहा.

"तुम्ही माझ्या मागे कशाला उभे होतात?" ग्रेटा लाजून तडकली.

"तुम्ही पडणार हे दिसत होतं. म्हटलं, झेलावं."

"आणि नसते पडले तर?"

"तर..." तो हसला, "उद्या पुन्हा येऊन उभा राहिलो असतो."

पलीकडून कथबर्ट म्हातारा खाकरला. खाणीतून निवृत्त झालेला, एक फुफ्फुस निकामी, पण जीभ धडधाकट. "अगं पोरी, त्याच्याशी नंतर बोल. आधी ती हरळी मुळासकट काढ. बोटभर तुकडा राहिला तरी पुढच्या वर्षी सासरच्या माणसांसारखी घरभर होईल."

असं तिचं शिक्षण सुरू झालं. कथबर्टने खणायला शिकवलं, चर भरायला शिकवलं. राल्फने आपल्या नामांकित लीकची रोपं दिली. रोप लावताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि दोघंही मातीकडेच बघत राहिली... कितीतरी वेळ.

"किती खोल लावायचं?"

"पुरेसं खोल झालंय."

"मग हात का नाही काढत?"

"तू पण कुठे काढलायस?"

उन्हाळाभर हे चाललं. ऑगस्टच्या शेवटी राल्फ तापाने अंथरुणाला खिळला. खिडकीतून त्याने सांगितलं, "माझ्या तुकड्यातलं हवं ते घेऊन जा. वाया जाईल सगळं."

ग्रेटा गेली. तिच्या आईचा शिरस्ता होता, मोठी भाजी आधी काढायची, नाहीतर ती जून होते. मागच्या चरात तिला मनगटाहून जाड दोन लीक दिसले. प्रदर्शनाचे तो पुढच्या चरात वाढवतो, असंच ती धरून चालली होती. तिने ते उपटले, बटाट्याबरोबर सूप केलं आणि गरम गरम घेऊन गेली.

राल्फने दोन वाट्या रिचवल्या. वाटी बोटाने निपटली. "असं सूप जन्मात प्यायलो नाही! लीक कुठले?"

"तुझेच. मागच्या चरातले... सगळ्यात मोठे."

राल्फने वाटी खाली ठेवली. तीन वर्षं त्याने ज्या जोडीसाठी मशागत केली, ती त्याच्याच पोटात गेली होती.

"अगं... ते प्रदर्शनाचे होते."

राल्फने भिंतीकडे तोंड फिरवलं. ती रडत घरी आली, आणि दोन आठवडे तो त्यांच्या तुकड्यांमधल्या कुंपणापाशी फिरकला नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. प्रदर्शनाच्या सकाळी खाणकामगारांच्या क्लबाच्या हॉलमध्ये ग्रेटाने आपली जोडी, मुळं धुऊन विंचरून, टेबलावर ठेवली. हिंडमार्शनी लगेच हात आडवा घातला.

"उचला. दुसऱ्याचे लीक उपटणाऱ्याला या टेबलावर जागा नाही. आणि मळ्यातही नाही."

ग्रेटाने लीक उचलायला हात पुढे केला...

"थांब!" दारातून राल्फ आला, अजून थोडा फिकट. "कुणी उपटले? मीच सांगितलं होतं, हवं ते घे."

"ते प्रदर्शनाचे होते!"

"होते. आणि मी खाल्ले. दोन वाट्या. तिसरी मागायची राहिली, त्याचं वाईट वाटतंय."

हॉल हसून हसून कोसळला. कथबर्ट काठी आपटत म्हणाला, "ज्याचे लीक त्याची तक्रार नाही, हिंडमार्श. तुझ्याच पोटात का दुखतंय?"

परीक्षक शेजारच्या गावचे होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी फीत लावली, दोनदा मोजलं आणि लाल पट्टी ग्रेटाच्या जोडीवर ठेवली. पहिला नंबर. हिंडमार्शचा दुसरा! कथबर्टने टोपी छताला उडवली. हिंडमार्श घसा साफ करून सगळ्यांदेखत म्हणाले, "तुकडा तुमचा."

बाहेर ग्रेटाने राल्फला गाठलं. "मला वाटलं, पुन्हा माझं तोंड बघणार नाहीस."

"रागावलो होतो ना. चार दिवस. मग कळलं, आठवण लीकची येत नाहीय... सूप आणणारीची येतेय."

"मग उरलेले दिवस?"

"भ्यायलो होतो. खाणीत उतरताना भीत नाही मी. तुझ्या कुंपणाकडे येताना मात्र अर्ध्या वाटेतून परतायचो." त्याने टोपी काढली. "माझ्याशी लग्न करशील?"

"करीन. पण तुकडा माझ्याच नावावर राहील."

"राहू दे. मला फक्त मागे उभं राहू दे. तू पडलीस तर..."

"आता नाही पडत मी," ग्रेटा म्हणाली आणि सगळ्या गावासमोर तिने त्याच्या गळ्यात हात टाकले.

लग्न पुढच्या एप्रिलात झालं. ग्रेटाने पुढे आणखी सहा वेळा पहिला नंबर काढला, आणि तिच्यामागून बऱ्याच बायकांनी तुकडे घेतले. कथबर्ट त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यात वारला. राल्फ दोन हजार चौदाच्या ऑक्टोबरात गेला, छातीच्या दुखण्याने, आपल्या घरी, ग्रेटा जवळ असताना.