नावापुढचा डॉट

साहेब, तुमचं नाव घेत नाही, पण गुन्हा तुमचाच. राहुरीच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या सगळ्या मशीनवरची यादी तुम्ही बंद करायला लावलीत. पोरं आयतं बघून लिहितात म्हणे. तुम्ही स्वतः जन्मात एक ओळ तरी लिहिलीत का? तुमच्या त्या हुकमानं बेलापूरच्या रेश्माचा अख्खा महिना नासला.

साल अठ्ठ्याण्णव. प्रोग्राम लिहिताना एखाद्या नावापुढं डॉट दिला, की पुढं काय काय लिहिता येईल त्याची यादी टपकन उघडायची. मशीन कमी, म्हणून सरांनी रेश्माला महेंद्रशेजारी बसवलं, आणि दोघं मिळून कालव्याच्या पाणीपाळीचा प्रोग्राम लिहू लागले. त्याचं कोपर लागलं की हिची बोटं चुकायची...

एका सोमवारी तो पुटपुटला, "उद्या माझं नाव लिहून डॉट दे. मग कळंल." आणि तो महिनाभराच्या ट्रेनिंगला नगरला गेला.

मंगळवारी तिनं डॉट दिला. काहीच आलं नाही. चेष्टा केली मेल्यानं, म्हणून ती तडक उठली, ती पुन्हा क्लासकडं फिरकलीच नाही.

महिन्याभरानं राहिलेली फ्लॉपी न्यायला आली, तर दारात चपला काढताना समोर महेंद्र. सरांना सांगायला आला होता – उद्या पुणे, नोकरी.

"काय रेश्माबाई, उत्तर द्यायचं राहिलं वाटतं."

"कशाचं? डॉट दिला, कायबी आलं न्हाई. चेष्टेला मीच घावले व्हय?"

"कधी दिलास?"

"मंगळवारी."

महेंद्रनं कपाळाला हात लावला. "अगं, त्याच सकाळी वरून हुकूम आल्ता. सरांनी यादीच बंद केली. मला आत्ता कळलं. मी समजलो, तुझं न्हाई हाय."

"म्हंजी... मी महिनाभर शिव्या घातल्या, त्या?"

"लई घातल्या?"

"मोजल्या न्हाईत."

त्यानं आत जाऊन खुर्ची ओढली, सेटिंग उघडलं, यादीपुढं टिक मारली. "लिही."

घाईत तिनं एक अक्षर खाल्लं.

"नाव तरी धड लिही माझं."

तिनं नीट लिहिलं. डॉट दिला – आणि यादी पडली. इंग्रजी अक्षरांत चार शब्द, एकाखाली एक. आवडतेस. खूप. मला. तू.

महेंद्र ओशाळला. "प्रोग्राममधी माझ्या नावाखाली मी सरळ लिहिलं हुतं. मशीननं एबीसीडीनं लावलं. उलटंच झालं की."

रेश्मानं पुन्हा वाचलं. आणि ती हसत सुटली. "उलटं कुठाय? आपल्या भाषेत कसंबी बसतं."

"मग... तुझं काय?"

"माझं व्हय हाय. पन घरी दादा स्थळं बघायला लागलेत, आन् तू उद्या चाललास."

"दादा काय म्हन्तील गं?"

"त्यांचं मी बघते. तू तोंडानं सांग. आमच्या घरी कधी येतोस? तारीख पायजे. आत्ता."