लिंत्सचा कॅप्टन आणि रेगेन्सबर्गची शिट्टी

जर्मनी-ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या पासाऊ स्टेशनवर फुटबॉल माझ्या अंगावर आला, तिथून हे सगळं सुरू झालं.

गाडी लेट होती. पाऊस फलाटावर तिरका येत होता आणि मी कॉफीचा कप घेऊन खांबाला चिकटून उभी होते. कुणाच्या तरी जाळीच्या पिशवीतून चेंडू सुटला, टप्पा पडला, आणि कॉफी माझ्या नव्या कोटावर! अशा वेळी जर्मन कुठलं सुचायला?

"मेल्या, डोळे फुटले का?"

पिशवीवाला जागच्या जागी थांबला. केस भिजून कपाळाला चिकटलेले, ओठांवर दाबलेलं हसू.

"अजून नाही फुटले. पण मेल्या म्हणालात, तर नाव तरी विचारा. मी अनय."

"मी निशिगंधा. आणि कोटाचं काय?"

"कोटाचं... आधी दुसरी कॉफी पिऊ, मग बोलू."

अनय ऑस्ट्रियातल्या लिंत्सचा, तिथल्या टीमचा कॅप्टन. जर्मनीत आपल्या भारतीय लोकांची एक हौशी लीग आहे, ऑस्ट्रियातही आहे. दरवर्षी मे महिन्यात दोन्हीकडच्या विजेत्यांची एक मॅच होते. त्या वर्षीचा कप आम्ही जर्मनीतल्या रेगेन्सबर्गवाल्यांनीच नेला होता. लिंत्सने तर तो कधीच नेला नव्हता, आणि ही गोष्ट अनयच्या जिवाला लागलेली.

मग शनिवार सुरू झाले. रेगेन्सबर्गहून पासाऊ तासाभरावर, लिंत्सहूनही तेवढंच. नदीकाठी फिरायचं, केक अर्धा अर्धा खायचा, छत्री एकच उघडायची... आणि महत्त्वाचं काही बोलायचं नाही. वर्ष गेलं! मी घरी येऊन उशीला बुक्क्या मारायची. 'बोल की रे!' आणि मी तरी कुठे बोलत होते?

२०१६च्या मॅचआधी मात्र तो म्हणाला, "निशी, कप घेतला ना... की तुला एक विचारायचंय."

"आणि नाही घेतला तर?"

"अपशकुन करू नकोस गं!"

झालं. माझी झोप उडाली.

त्यात मॅचच्या सकाळी आमच्या मंडळाच्या दिनकरकाकांचा फोन. रेफरीला ताप आलाय. "तू कोर्स केलायस ना? ये शिट्टी घेऊन."

"काका, पण मी... लिंत्सच्या टीममधलं कुणीतरी माझ्या..."

"ओळखीचं आहे? अगं, सगळेच सगळ्यांच्या ओळखीचे. ये लवकर!"

काय सांगणार होते मी त्यांना? आमचं काही ठरलं होतं का? इकडे आड, तिकडे विहीर. रेगेन्सबर्गला झुकतं माप दिलं तर घरची रेफरी, लिंत्सला दिलं तर... शी!

मैदानावर सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचं, एवढं पक्कं ठरवलं. फ्री किकच्या वेळी अनय हळूच पुढे सरकला आणि मी ओरडले, "अहो! मागे व्हा!"

कडेला बसलेल्या बायकांनी एका सुरात "ओहोहो!" केलं. सुरेखावहिनी तर उठून उभ्याच राहिल्या. "अगं निशिगंधा, उखाणा पण घे आता!"

अनयचे कान लाल झाले. माझं तर विचारूच नका.

एक-एक बरोबरी. शेवटची मिनिटं. हात घामाने इतके ओले झाले होते की शिट्टी धरवत नव्हती. आमचा सुमित बॉल घेऊन लिंत्सच्या गोलपुढच्या चौकोनात घुसला, अनय घसरत आडवा आला, सुमित कोसळला. पाय आधी लागला, बॉल नंतर. मी चार पावलांवर होते. मला दिसलं.

अनयने माझ्याकडे पाहिलं. देवा, का पाहिलं त्याने! शिट्टी ओठांशी नेली तेव्हा एकच कळत होतं... आता तो मला कधीच काही विचारणार नाही.

वाजवली. पेनल्टी.

सुमितने गोल केला आणि कप आमच्याकडेच राहिला. लिंत्सची मुलं गवतावर बसून राहिली. मी कपडे बदलायच्या खोलीमागे जाऊन पायरीवर बसले आणि मनसोक्त रडले.

"फाउल नव्हता."

अनय समोर उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल.

"होता," मी म्हणाले.

"माझा पाय आधी बॉलला लागला, निशी."

"आधी सुमितच्या पायाला लागला."

"शेवटी तुझ्या घरची टीम, म्हणून—"

"म्हणून?" मी ताडकन उठले. "अरे मूर्खा, सकाळपासून देवाला हात जोडतेय की लिंत्स जिंकू दे, म्हणजे हा बाबा एकदाचं तोंड उघडेल! शिट्टी वाजवली की सगळं संपलं, हे कळत होतं मला. तरी वाजवली. मला तू हवा आहेस, अनय. खूप हवा आहेस. आणि फाउल होता म्हणजे होता!"

बोलून गेले... आणि मग मटकन खाली बसले.

तोही माझ्या शेजारी पायरीवर बसला, मोजा खाली ओढत.

"होता," तो हळूच म्हणाला. "पाय लागला माझा. तेव्हाच कळलं होतं मला."

"मग भांडत का होतास?"

"हरलो ना गं. हरलेल्या माणसाने विचारायचं कसं, तेच कळेना."

"विचारून तर बघ."

"आता काय विचारू? तू उत्तरच देऊन बसलीस!"

मला रडता रडता हसू फुटलं. त्याने माझा हात धरला. चिखलाने बरबटलेला हात, पण सोडवेना.

लिंत्सची बस बाहेर हॉर्न वाजवत होती. मला वाटलं, आता हात सोडून जाईल. त्याने सोडला नाही. मला तसाच बसच्या दारापर्यंत घेऊन गेला. आत मुलं रेफरीच्याच नावाने खडे फोडत होती.

"ऐका रे," अनय मोठ्याने म्हणाला. "फाउल होता. मीच केला. हिला कुणी काही बोलायचं नाही."

मागच्या सीटवरून त्यांच्या गोलकीपरचा, कपिलचा आवाज आला, "काय कॅप्टन, रेफरीने पटवलं वाटतं?"

अनयने माझ्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "पटवलं."