उजव्या हाताची प्लेट

दिवा जरा इकडे सरकवा. भीतीचं मागून सांगतो, आधी रागाचं सांगतो. एवढी वर्षं झाली तरी माझं आधी डोकं तापतं आणि घाम मग फुटतो.

भर दुपारची गोष्ट. आमचा एक्स-रे विभाग रुग्णालयाच्या तळघरात होता. जेवणाच्या सुट्टीत मी डार्करूममधल्या टाकीतलं औषध बदललं आणि हात पुसत बाहेर आलो, तर बाकावर ते बसलेले. ज्यांची पुस्तकं घरोघरी आहेत, ज्यांना बघून मंत्रीसुद्धा उठून उभे राहतात, ते. लिफ्टवाला वर जायचं विसरून नुसता बघत होता.

मीही बघतच राहिलो. त्यांनी त्याचा भलताच अर्थ लावला.

“वाचता वाटतं आमचं काही?” ते प्रसन्न हसले.

“वाचलंय. तुम्ही छापायच्या आधीच.”

त्यांना काही उमगलं नाही. मी त्यांच्या लक्षात असायचं कारणही नव्हतं.

माझी ताई अकरा वर्षं त्यांची हस्तलिखितं सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायची. पहाटे ओट्याशी उभी राहून स्वतःचंही लिहायची आणि मला वाचून दाखवायची. तापाचं निमित्त झालं नि ती गेली. हे भेटायला आले, डोळे पुसले आणि ‘माझे कागद राहिलेत’ म्हणत तिच्या टेबलावरच्या तिन्ही वह्या काखेत मारून गेले. दोन वर्षांनी ‘त्यांची’ कादंबरी आली. मला ती पहिल्या ओळीपासून तोंडपाठ होती! मी दहा जणांना सांगितलं. एक्स-रेवाल्याला साहित्यातलं काय कळतं, म्हणाले. बक्षिसं यांना, आणि ताईचं नाव फक्त आमच्या भिंतीवरच्या फोटोखाली.

तरी काम ते काम. चिठ्ठीवर लिहिलं होतं, उजवा हात, लिहिताना वेदना.

“अंगठी काढा.”

“निघत नाही हो. वीस वर्षं झाली.”

बोट सुजून अंगठी मांसात रुतली होती. “राहू द्या. तळवा खाली. बोटं पसरा. हलू नका.”

हात गुबगुबीत, पण बर्फासारखा गार. मी बटण दाबलं आणि हाताखालची फिल्मची कॅसेट घेऊन डार्करूममध्ये शिरलो.

आत लाल दिवा, औषधाचा आंबूस वास आणि नळाची टिपटिप. फिल्म टाकीत हलवत उभा राहिलो. हळूहळू हाडं वर आली. बारीक, लांबट, बाईमाणसाची. अंगठी नव्हती. धातू कधी लपत नाही, तो प्लेटवर पांढराफेक उठतो. इथे नव्हता.

आणि करंगळी मधल्या पेराशी वाकडी होती.

ती मी वाकडी केली होती. पाच वर्षांचा असताना हट्टाने दार आपटलं, त्यात ताईचं बोट सापडलं. हाड तसंच जुळलं. ती मला कधी रागावली नाही. जन्मभर एवढंच म्हणायची, “छोट्या, दार हळू लाव.”

फिल्म आधीच वापरलेली असेल, म्हणून मी नवी घेतली. बाहेर येऊन त्यांचा हात पुन्हा सपाट ठेवला, वर वाळूची पिशवी ठेवली. दुसऱ्या प्लेटवरही तीच हाडं आली. फक्त या वेळी बोटं पसरलेली नव्हती. पेन धरल्यासारखी मिटली होती.

दोन्ही ओल्या प्लेटा मी दिव्याच्या काचेवर लावल्या. ते बघत राहिले, पण दचकले नाहीत.

“इथेही अशीच…” ते पुटपुटले. “तीन ठिकाणी काढली मी. सगळीकडे अशीच येते…”

“कधीपासून दुखतो?”

“त्या कादंबरीपासून. लिहायला बसलो की… मी एक योजतो आणि कागदावर भलतंच…”

“मी तिचा भाऊ,” मी म्हणालो. “वह्या कुणाच्या होत्या ते जाहीर सांगा. पुस्तकावर तिचं नाव घाला.”

त्यांनी प्लेटवरच्या करंगळीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, विरघळले. मग त्यांनी कोटाची बाही सारखी केली.

“मेलेल्या बाईला नाव कशाला हवं, अहो?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर साक्षात हाडं उभी आहेत आणि हा माणूस विचारतो कशाला! मी रुग्णाचा फॉर्म त्यांच्यापुढे आदळला. “सही करा आणि चालते व्हा.”

त्यांनी माझ्याकडेच बघत, कागदाकडे न बघता पेन चालवलं आणि ते निघून गेले. त्यांच्या पाठीवर दार असं आपटायचं की अख्खं तळघर हादरावं, म्हणून मी कडी घट्ट धरली. दुसऱ्या हातात फॉर्म होता. सहज नजर गेली.

सहीच्या जागी ताईच्या वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘छोट्या, दार हळू लाव.’

मला छोट्या म्हणणारं तिच्यामागे कुणी उरलेलं नाही.

मी दार हळू लावलं. अगदी हळू. तेव्हापासून ते पुरतं लागत नाही, करंगळीएवढी फट राहते. सुतार दोनदा येऊन गेला. म्हणाला, “दार सरळ आहे, चौकट सरळ आहे. मध्ये काहीच नाही.”