न वाजवलेलं दार

"कुजबुज म्हणतात ती तुम्हीच का?"

वसतिगृहाच्या भेटीच्या खोलीत उभ्या असलेल्या तरुणानं विचारलं, आणि तिच्या हातातली उशी खाली पडली. हे नाव तिला एकाच मुलीनं दिलं होतं, तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं. आणि ती मैत्रीण आता या जगात नव्हती. तापाचं निमित्त झालं, ताप मेंदूत गेला, आणि हसतीखेळती पोर हां हां म्हणता गेली. हा तिचा थोरला भाऊ. सामान न्यायला आला होता. पुरुषांना वर मज्जाव, म्हणून वॉर्डनबाईंनी एकेक वस्तू खाली आणायचं काम हिच्यावर सोपवलं होतं.

तिनं नुसती मान हलवली. बोलणं हा तिचा प्रांतच नव्हता. विद्यापीठाचं पहिलं वर्ष, भरगच्च वर्ग... हजेरीला ती 'हजर' म्हणायची ते शेजारच्या बाकालाही ऐकू जायचं नाही. उपाहारगृहात खांबाआडचं टेबल रिकामं नसलं, की उपाशीच परत फिरायची. मैत्रिणीच्या तोंडाचा मात्र पट्टा सतत चालू. त्या बडबडीच्या आडोशाला हिचे सुरुवातीचे दिवस कसेबसे निभावले होते.

"फोनवर सांगायची ती," भाऊ उशी उचलत म्हणाला. "म्हणायची, कुजबुज मोजकंच बोलते, पण बोलते ते ऐकण्यासारखं असतं." मग तिच्याकडे बघून थोडा घुटमळला. "तुमचा चष्मा डावीकडे कलतोय... रागावू नका, चष्म्याच्या दुकानात काम करतो मी. द्या इकडे."

त्यानं चष्म्याची काडी तळहातात धरून ऊब दिली, अंगठ्यानं हलकेच वाकवली आणि चष्मा स्वतःच तिच्या कानांवर बसवला. बोटं क्षणभर थबकली. तिचे कान तापले.

"डॉक्टर म्हणाले," तो एकदम दुसरीकडे बघत बोलला, "दुपारीच आणलं असतं, तर कदाचित..."

वाक्य त्यानं अर्धंच सोडलं. ती उरलेलं सामान आणायला घाईनं जिन्याकडे वळली.

तो भिंगं आणायला दर आठवड्याला शहरात यायचा. पुढच्या खेपेला बहिणीची राहिलेली चप्पल न्यायला आला. त्यापुढच्या खेपेला म्हणे हिच्या चष्म्याचा स्क्रू सैल वाटला होता. मग कारणं संपली, तरी येणं संपलं नाही. फाटकाजवळच्या बाकावर दोघं बसायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

"आज कोणाशी बोललीस?"

"ग्रंथालयातल्या बाईंशी. एक पुस्तक आहे का, विचारलं."

"मग?"

"नव्हतं."

"बघ, विचारलंस म्हणून कळलं तरी."

ती हसायची, आणि लगेच स्वतःचाच राग यायचा. हसायचा हक्क आपल्याला कुणी दिला? खोलीत परतलं की समोरच्या पलंगावर गुंडाळलेली गादी असायची. डोळ्याला डोळा लागायचा नाही.

एका संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. तिच्या काचांवर थेंब जमले, तसा त्यानं चष्मा काढून घेतला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू लागला.

"आता कसा दिसतो मी?"

"धुक्यासारखा."

"म्हणजे बरा दिसतो," तो म्हणाला. मग पुसायचं थांबला. "आई म्हणते, तिला घरी घेऊन ये. शेवटी तीच होती पोरीजवळ... मलाही तुला न्यायचंय. पण आई म्हणते म्हणून नाही. माझ्यासाठी."

हेच शब्द ऐकायला ती आठवडा-आठवडा वाट बघत होती. आणि ऐकले, तशी ती बाकावर थोडी दूर सरकली.

"आधी एक ऐक," ती म्हणाली. "त्या रविवारी ती सकाळपासून फणफणली होती. सगळ्या मुली बाहेर गेलेल्या. दुपारी ती असंबद्ध बोलायला लागली. मी वॉर्डनबाईंच्या दारापर्यंत गेले. दारावर पाटी असते, दुपारी दार वाजवू नये... मी हात उचलला आणि परत आले. पुन्हा गेले, पुन्हा परत आले. बाई ओरडतील, मला नीट सांगता येणार नाही... एवढंच मनात. संध्याकाळी त्या आपणहून फेरीला आल्या, तेव्हा त्यांना कळलं."

पाऊस तसाच पडत होता. त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता, आणि त्याबद्दल तिला बरंच वाटलं. त्यानं चष्मा तिच्या मांडीवर ठेवला आणि चालता झाला.

नंतरचे आठवडे भकास गेले. तो आला नाही. घरी परत जावं, शिक्षणाला रामराम ठोकावा, असं रोज वाटायचं. एका दुपारी ती उठली, वॉर्डनबाईंच्या दारापुढे उभी राहिली आणि दार वाजवलं. बाई केस सावरत बाहेर आल्या. तिनं सगळं सांगितलं, अडखळत, पण शेवटपर्यंत.

"आता सांगून काय उपयोग, बाळ?" बाई म्हणाल्या. त्यांची नजर दारावरच्या पाटीवर गेली. आणि त्यांनी दार लावून घेतलं.

तिला हलकं वाटलं नाही. पण तिनं सामान बांधलं नाही.

परीक्षा तोंडावर आली असताना तो फाटकाशी दिसला. वाळला होता. ती जवळ गेली, पण 'बस' म्हणाली नाही.

"राग गेलेला नाही माझा," तो म्हणाला.

"जाऊही नये."

"आईला सांगितलं. दोन दिवस तिनं अन्नाला हात लावला नाही. मग म्हणाली, घाबरली असेल रे... आपलीही तेवढीच होती." त्यानं फाटकाची कडी उगाच सरकवली. "मला अजून तसं म्हणता येत नाही."

"मग कशाला आलात?"

त्या 'आलात'नं त्याला चटका बसल्यासारखं झालं.

"राग येतो तो तुझा," तो म्हणाला, "आणि आठवण येते तीही तुझीच. दुकानात कुणाचाही चष्मा हातात घेतला की... काय करू, तूच सांग."

"मी रोज देवाला म्हणते, ते येऊ नयेत. आणि रोज फाटकाकडे बघते."

"पुढच्या आठवड्यात येऊ?"

"रागासकट?"

"रागासकटच. तो टाकून येणं इतक्यात जमायचं नाही."

तिनं चष्मा सावरला. "ये," ती म्हणाली. स्पष्ट, त्याला नीट ऐकू जाईल असं.

त्याच्या गावच्या बसला अजून वेळ होता. तो बाकाच्या एका टोकाला बसला, ती दुसऱ्या. मधे एका माणसाची जागा मोकळी राहिली. दोघांपैकी कुणीही त्या जागेकडे सरकलं नाही, आणि कुणी उठूनही गेलं नाही.