थ्रॉटलचं लाल बटण

आधीच सांगतो, यात रात्र नाही, अमावस्या नाही. मागच्या मंगळवारची दुपार होती, तीन वाजत आले होते. जागा, वरोऱ्यातलं माझं मिक्सर-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान. मी रईस. आधी मीटर लावतो, मगच बोलतो. जे झालं ते खरं झालं. पटवून द्यायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

माझ्या मुलीला, आयतला, पायलट व्हायचंय. ती कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सराव करते. त्यासाठी थ्रॉटल लागतं, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा. म्हटलं, घरीच बनवू.

माझे अब्बा, अयूबभाऊ, चाळीस वर्षं लग्नांत साउंड लावायचे. ते गेल्यापासून त्यांचा मिक्सर माळ्यावर होता. त्यातला आवाजाचा स्लाइडर काढून पाहिला. मीटरवर नापास. अर्ध्यावर आणला तरी आकडा अर्धा येईना. गाण्याला ते चालतं, विमानाला नाही.

मग समान चालीचा, म्हणजे सरकेल तेवढाच आकडा देणारा, नवा स्लाइडर मागवला. प्लायच्या डब्याला खाच पाडून आखूड स्क्रूने बसवला, कारण लांब स्क्रू आत शिरून सरकती पट्टी अडवतो. धूळ जाऊ नये म्हणून खाचेवर जाड कापड चिकटवलं. त्यामुळे तो घट्टच चालायचा.

फक्त त्याला टोपी नव्हती. अब्बांच्या मिक्सरचं लाल बटण त्यावर बरोबर बसलं.

तेवढंच जुनं.

मंगळवारी आयत म्हणाली, "पप्पा, माहं विमान पडून राह्यलं. हे आपोआप खाली येते."

"तुहा हात लागला असन."

"दोन्ही हात मांडीवर होते न."

मी बघत बसलो. डबा सपाट टेबलावर. बटण पूर्ण वर.

आणि मग ते... हळूहळू खाली सरकलं. शून्यावर थांबलं.

बाहेर पावलं वाजली. बोलणं नाही... नुसती पावलं.

कुणाची तरी मयत चालली होती. ती वळणापलीकडे गेली आणि बटण आपलं आपण वर आलं.

समोरचे चहावाले मुखरूभाऊ हे ऐकून दुकानात आले, बटणाकडे बघून म्हणाले,

"रईस, तुह्या बापाची सवयच होती न. कोणाचीबी मयत येऊ दे, हिंदूची का मुसलमानाची. चालू वरातीत तो आवाज खाली घे. आमच्या नजरेत यायच्या आधी त्याले कळे."

मला ते आठवलं आणि दुकानातच रडू आलं. बुधवारी तसंच झालं, शुक्रवारीही. आधी बटण, मग पावलं. खरं सांगू, भीती वाटली नाही. अब्बा जवळ आहेत असं वाटायचं.

आज सोमवार. आयत पायलटच्या मेडिकलसाठी एकटी नागपूरला गेली. दोन वाजता तिचा मेसेज आला, परतीच्या बसमध्ये बसली.

मी फोन ठेवला... आणि बटण खाली आलं.

रस्ता रिकामा होता. पाच मिनिटं... दहा मिनिटं... पावलं नाहीत. बटण खालीच.

मग अब्बांना आज कुणाची मयत दिसली?

आयतला फोन लावला. "बसमध्येच आहो पप्पा. झोपू द्या न." तिला उतर म्हणणार होतो. पण काय सांगून उतरवू? ती माझ्यावर हसली असती. गप्प बसलो, त्याचा आता पस्तावा होतोय.

मीटर लावला. स्लाइडर ठणठणीत. बटण वर करून टेप मारली, ती सुटून आली. शेवटी बोटाने वर ढकललं आणि धरून ठेवलं.

खाली ओढ लागते. झटका नाही, जोर नाही. लग्नात आवाज कमी करायची अब्बांची पद्धत असायची तशी.

दीड तास झाला, धरून बसलोय. हे डाव्या हाताने मोबाइलवर लिहितोय. माझी बायको शहजादी दोनदा येऊन गेली. "काऊन बसले असे? जेवून घ्या न." तिला म्हटलं, फेविकॉल वाळून राह्यला.

बस आता वाटेतल्या जांबच्या आसपास असेल. बोट बधिर झालंय.

जिंदगीभर अब्बांनी आवाज खाली घेतला, त्यांचा हात कुणी अडवला नाही. मी मघापासून म्हणतोय, अब्बा, आज नको. आयत आहे ती.

ओढ अजून कमी झालेली नाही.