राखाडी हातमोजा

झाड कलंडलं आणि त्याच्या पलीकडच्या बाजूने एक राखाडी हातमोजा माझ्या बुटावर येऊन पडला.

मी करवत खाली ठेवली.

आमच्या डोंगरातल्या झाडांच्या मळ्यांवर एकच कायदा. नोव्हेंबरात यायचं, नाताळसाठी झाड पसंत करायचं आणि त्यावर आपली खूण अडकवायची – रिबीन, मोजा, जुनी टोपी, काहीही. मग डिसेंबरात येऊन कापायचं. ज्याची खूण, त्याचं झाड. मी सगळं तीन-तीनदा तपासते. गॅस, कुलूप, टिलीच्या सीटचा पट्टा... आणि झाड मात्र एकाच बाजूने बघितलं!

"आई, घरटं पडलं नाही ना गं?" सहा वर्षांची टिली फांद्यांत डोकं खुपसून विचारत होती.

त्या घरट्यासाठीच तर हे झाड. झाडात घरटं सापडलं की घरात वर्षभर सुख, असं आमच्याकडे म्हणतात. टिलीचे बाबा वेगळे राहायला गेल्यावरचा हा पहिला नाताळ. "सगळं पहिल्यासारखंच होईल," असं मी तिला सांगून बसले होते – करवत आयुष्यात पहिल्यांदा हातात धरून.

मी हातमोजा खिशात कोंबला.

"माफ करा... इथे राखाडी हातमोजा अडकवलेलं झाड दिसलं का?"

मी दचकून वळले. उंच माणूस, दाढीवर भुरभुरता बर्फ. डाव्या हातात राखाडी हातमोजा. उजवा हात उघडा, थंडीने लाल झालेला.

"न... नाही," मी म्हणाले.

त्याने नुकत्याच कापलेल्या बुंध्याकडे पाहिलं. टिलीकडे पाहिलं. "मीच रांग चुकलो असेन," तो म्हणाला. "मी एमेट. खाली ओढत न्यायला मदत करू?"

नको म्हणायला हवं होतं. पण झाड माझ्या दीडपट होतं.

"करवत पहिल्यांदाच धरली वाटतं?"

"इतकं कळतं?"

"उंदराने कुरतडल्यासारखा दिसतोय हो बुंधा!"

एरवी मी हसले असते. पण खिशात निखारा ठेवल्यासारखं झालं होतं. तो पुढे ओढत होता, मी मागून शेंडा धरला होता आणि प्रत्येक पावलाला वाटत होतं – आता सांगावं. मग टिली गुणगुणताना दिसायची आणि मी शेंडा आणखी घट्ट धरायचे.

"तुमचा हात गारठलाय," माझ्या तोंडून निघून गेलं.

"हो ना. दुसरा हातमोजा कुठे ऊब खात बसलाय, कोण जाणे..." त्याने मागे वळून पाहिलं. माझे कान तापले.

खाली यंत्र घरघरत होतं – झाड गदागदा हलवून सुकी पानं झाडणारं. एमेटने झाड त्यावर उभं केलं आणि एकदम म्हणाला, "थांबा!" उघडा हात त्याने सरळ फांद्यांत घातला. शोधलं नाही, चाचपलं नाही. घरटं अलगद बाहेर काढून टिलीच्या ओंजळीत ठेवलं.

घरट्याबद्दल त्याला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला... माहीत होतं?"

मी खिशातून हातमोजा काढला. "झाड तुमचं आहे. मी मागून बघितलंच नाही. आणि मग खोटं बोलले... तेही पोरीसमोर."

टिलीने घरटं छातीशी धरलं. तरी तिने ओंजळ पुढे केली. "मग हेही यांचंच?"

"हो, राणी."

"मी मनाशी पैज लावली होती," एमेट हळूच म्हणाला, "वाट संपायच्या आत तुम्ही सांगाल म्हणून. शेवटी शेवटी जाम घाबरलो होतो!"

तेवढ्यात शेजारी उभ्या ट्रकची अर्धी उघडी काच पूर्ण खाली झाली. त्याच्या आई, लोरेटाबाई, आतून ओरडल्या, "एमेट! झाड आणायला गेलास की बायको?"

"आई!"

"ओरडू नकोस. झाड आणि घरटं त्या पोरीकडेच राहू दे. आपण नाताळला बघायला जाऊ. मला दुसरं आण, बुटकं चालेल."

एमेट दाढीपर्यंत लाल झाला. हातमोजा मात्र त्याने घेतला नाही. "तोवर राहू दे तुमच्याकडे. म्हणजे... यायला निमित्त."

पुढचे सोळा दिवस मी खिडकीशी. येईल का? आला तर काय बोलायचं? आणि नाहीच आला तर...?

तो आला. नंतर निमित्त लागेनासं झालं.

या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा त्याच उतारावर. मी एका झाडाभोवती तीन चकरा मारल्या, फांदी न् फांदी उचलून पाहिली.

"कुणाचं नाही ना?" एमेटने विचारलं.

"नाही. नक्की नाही."

त्याने राखाडी हातमोजा काढला, अडकवू लागला आणि थांबला. "कोरिन... गेल्या वर्षी इथून दोन झाडं गेली. तुझ्या घरी एक, माझ्या घरी एक. या वर्षी... दोन न्यायची, की एकच?"

टिली गुणगुणायची थांबली. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. हातमोजा त्याने पार पिळून काढला होता. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याहून जास्त घाबरलेलं होतं.

मी चौथी चक्कर मारली नाही.

"एकच," मी म्हणाले.